घर बांधताना काटकसर कुठे करावी? वाचकांचे प्रश्न

बहुतेक पत्रांचा सूर एकच: बजेट वाढतंय, काय कमी करू? त्यातली ही पाच.

प्रश्न: दोन ठेकेदारांच्या दरात चौरस फुटाला २०० रुपयांचा फरक आहे. स्वस्त घ्यावा का?

उत्तर: जोत्याखालचं काम आणि पाण्याची टाकी दरात धरली आहे का, मोजणी बिल्टअपची (भिंतींसकट) की कार्पेटची (भिंतींच्या आतली), हे दोघांकडून लेखी घ्या. फरक बहुधा तिथेच निघतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट कच्चं असतं, ५३ ग्रेडच (साधं, म्हणजे ओपीसी) घ्या.

उत्तर: कच्चं नसतं. सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं. कोणतं घ्यायचं ते आरसीसी डिझायनरला (सळई-काँक्रीटचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरला) विचारा, दुकानदाराला नको.

प्रश्न: पैसे वाचवायचे तरी कुठे?

उत्तर: नंतर बदलता येतं तिथे. फरशी, नळ, पीओपी, कपाटं. बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग यात येत नाही.

प्रश्न: स्लॅबच्या दिवशी मिस्त्री काँक्रीटमध्ये पाणी वाढवत होता. म्हणाला, माल पसरत नाही. नंतर तीनच दिवस पाणी मारलं. चालतं का?

उत्तर: नाही चालत. दर आठवड्याला हेच पत्र येतं. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी लागतं, त्यात वाळूतला ओलावाही आला. मिक्सरपाशी मात्र पाइप मोजमाप न करताच सोडलेला असतो. गोणीमागे दहा लिटरची एक बादली जास्त गेली की ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त उतरते. भारी ब्रँडच्या सिमेंटचे मोजलेले पैसे त्या बादलीत गेले. जादा पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्यांतून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते, तिच्याखालचा काँक्रीटचा थर (कव्हर) सुटून पडतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. माल पसरत नसेल तर डिझायनरने सांगितलेल्या प्रमाणात प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) घाला, व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवणारं यंत्र) नीट चालवा.

क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान १०. मी १४ दिवस करायला लावतो. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी हात लावून बघा, ते ओलंच लागलं पाहिजे. खर्च तो काय? गोणपाट आणि पाइप धरणारा एक माणूस. तुमच्या स्लॅबचं काय करायचं ते मी इथून सांगणार नाही. सेंट्रिंग (स्लॅबखालचा आधार) काढण्याआधी डिझायनरला बोलवा, क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे नमुना-ठोकळे) भरले असतील तर त्यांचा रिपोर्ट दाखवा.

प्रश्न: शेजाऱ्यानं पाया पाच फूट घेतला. आम्हीही तेवढाच घ्यावा का?

उत्तर: नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिचा थर लागून असलेल्या दोन प्लॉटांतही वेगळा निघतो. खड्डे घेतले असतील तर इंजिनिअरने आत उतरून तळ बघेपर्यंत भरू नका.