ईव्हीच्या बॅटरीसाठी पैसे कसे बाजूला टाकायचे

भावा, इलेक्ट्रिक गाडीची (ईव्हीची) बॅटरी पुढं बदलावी लागली तर पैसे कुठनं आणायचे, हे टेन्शन आधी सोड. बहुतेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा दीड-पावणेदोन लाख किमीच्या आसपास असते, त्यामुळं खर्च आला तरी त्यानंतर. पण वॉरंटी कार्ड नीट वाच, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार ते लेखी घे, तोंडी अजिबात नको.

हिशोब सांगतो. महिन्याला १००० किमी फिरलास तर पेट्रोलचे सहा-सात हजार होतात, घरच्या चार्जिंगचं बिल दीड हजाराच्या आसपास. वाचलेले साधारण ५००० दर महिन्याला आरडीत (बँकेतल्या दरमहा ठेवीत) टाक, ९६ महिन्यांत व्याज सोडून ४ लाख ८० हजार होतात बघ, आणि हे पैसे दिवाळीला काढायचे नाहीत! बॅटरीचा पूर्ण पॅक मरतोच असं नाही, पुष्कळदा त्यातला एखादाच भाग (मॉड्यूल) खराब असतो, म्हणून आधी तपासणीचा रिपोर्ट माग.

आणि आपल्या कोल्हापूरकडं खरी भीती पंचगंगा नदीच्या पुराची. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवतोय ना, पाणी शिरलं की वॉरंटी सहसा हात वर करते. विम्यात बॅटरीचं अ‍ॅड-ऑन (जादा संरक्षण) घेच, पाणी वाढायला लागलं की मी तर गाडी आधीच उंचावर नेऊन लावतो.