वहीत नाव चढवण्याआधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणपती झाले की माझ्याकडे येणारी पत्रं वाढतात. चाकरमानी पाच-सात दिवस घरी येतात आणि फोनवर 'मी बरी आहे हो' म्हणणारी आई खरोखर कशी आहे, ते डोळ्यांनी बघतात. यंदाची बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, अपंग माणसांना छळणाऱ्यांची एखादी यादी असावी का, ती कोणी ठेवावी आणि कशी? एका वृद्धाश्रमाच्या समितीवर मी बरीच वर्षं काम केलं. तिथल्या अनुभवावरून आणि कायद्यात जे आहे त्यावरून उत्तरं देते.

प्रश्न : आई 78 वर्षांची, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. ब्युरोमार्फत दिवसरात्र राहणारी बाई ठेवली होती. गणपतीत घरी आलो तर आईच्या दंडावर काळेनिळे वण. विचारलं तर आई नुसती रडते, बोलता येत नाही. बाईला काढलं. ती आता चिपळुणात दुसऱ्या घरी लागली म्हणे. अशा लोकांची सरकारी यादी असते का, जिथे तिचं नाव देता येईल? (गुहागर तालुका)

नाही. तुम्ही म्हणता तशी यादी आपल्या देशात नाही. जवळची म्हणावी अशी एकच आहे : लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद, 20 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेली. पण तिच्यात शिक्षा झालेल्यांचीच नावं असतात आणि ती पोलीस यंत्रणेपुरती खुली आहे. तुम्हाला-मला ती बघता येत नाही.

इंग्लंडमध्ये परावलंबी प्रौढांसोबत काम करायला मनाई असलेल्यांची वेगळी यादी आहे. ती 'डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस' ही संस्था 2012 पासून सांभाळते. यादीत नाव असताना असं काम धरणं हा तिथे गुन्हा आहे. अमेरिकेत शुश्रूषागृहांतल्या मदतनिसांचं रजिस्टर प्रत्येक राज्य ठेवतं आणि छळ सिद्ध झाला तर तशी नोंद त्यात होते. आपल्याकडे यातलं काही नसल्यामुळे पोलिसांत दिलेली लेखी तक्रार हाच एकमेव कागद मागे उरतो. तुम्ही बाईला काढून गप्प बसलात, तर उद्या चिपळूणच्या कुटुंबाने तिच्याकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तरी तो कोराच येईल. दाखल्यात दिसतं ते पोलिसांकडे नोंदलेलंच.

पण तक्रारीआधी एक करा. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते का, ते डॉक्टरांना विचारा. पक्षाघातानंतर ती बहुतेकांना चालू असते आणि तिच्यामुळे खाटेच्या कडेला हात नुसता लागला तरी मोठा डाग उमटतो. डाग कुठे आहे ते महत्त्वाचं. कोपरावर, नडगीवर, हाताच्या पाठीवर असेल तर तो आपटल्याचा असू शकतो. दंडाच्या आतल्या बाजूला, ओळीने तीन-चार गोल वण आणि उलट बाजूला एक, असं असेल तर ती घट्ट धरलेली बोटं असण्याची शक्यता जास्त. आजच्या तारखेचे फोटो आणि डॉक्टरांची लेखी नोंद घ्या. बोलता येत नसलं तरी आईला मान हलवता येते ना? हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न, त्या बाईचं नाव आधी न घेता, शांतपणे विचारा.

प्रश्न : मी रत्नागिरीत घरी काम करणाऱ्या आया आणि अटेंडंट पुरवणारा ब्युरो चालवते. आम्ही सहा ब्युरोंनी व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे, त्यात वाईट वागलेल्या मुलींचे फोटो आणि नावं टाकतो. एकजण म्हणतो हे बेकायदा आहे. खरं का?

तुमचा हेतू मला पटतो, रीत पटत नाही. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली येतो. त्याच कलमाच्या अपवादांत म्हटलं आहे की ज्याला सांगायचं त्याच्या किंवा लोकांच्या भल्यासाठी, प्रामाणिक बुद्धीने सावध केलं तर ती बदनामी ठरत नाही. म्हणजे एखाद्या ब्युरोने तुम्हाला विचारलं, "ही तुमच्याकडे होती, कशी होती?" आणि तुम्ही हातातल्या कागदावरून खरं ते सांगितलंत, तर तुमची बाजू भक्कम. पण ग्रुपवर फोटो टाकलात की तो संध्याकाळपर्यंत तिच्या वाडीत, तिच्या मुलाच्या शाळेत, सासरी पोचतो. तिथे कोणाचं भलं होतं? तिला एका शब्दाने विचारलेलंही नसतं. ग्रुप बंद करा. विचारलं तरच सांगायचं आणि विचारल्याशिवाय कोणालाही कामावर घ्यायचं नाही, असा लेखी करार सहाजणांत करा.

प्रश्न : मी स्वतः असं काम करते. सहा वर्षांत कोणाची तक्रार नाही. गेल्या वर्षी एका घरी आजींची पाटली सापडेना, माझ्यावर आळ आला. आठ दिवसांनी तांदळाच्या डब्यात पाटली मिळाली, आजींनीच लपवली होती. पण माझं नाव सगळीकडे गेलंय, आता कोणी काम देत नाही. (सावंतवाडी तालुका)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. स्मृतिभ्रंश सुरू झालेली माणसं वस्तू लपवतात आणि चोरी झाली म्हणतात, हे त्या आजाराचं नेहमीचं लक्षण. त्या कुटुंबाने हे ओळखायला हवं होतं. पाटली सापडली हे त्यांच्या हातून लिहून घ्या, तारीख आणि सहीसकट. दिलं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या तालुका समितीकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नोटीस गेली की पत्र बहुधा मिळतं. ते पत्र ब्युरोच्या प्रत्येक माणसाला हातात नेऊन द्या. ज्या फोनवरून तुमचं नाव गेलं, त्याच फोनवरून दुरुस्तीही जायला हवी, हे नोटिशीत मागा.

यादीवाल्यांनी ही गोष्ट इंग्लंडकडून शिकण्यासारखी आहे. तिथे 2004 पासून अशी यादी होती आणि आरोप झाला की चौकशी पूर्ण होण्याआधीच तात्पुरतं नाव चढायचं. बाजू मांडायला बोलावण्याआधीच नोकरी जायची. त्यावर काही परिचारिका भांडत वरपर्यंत गेल्या आणि जानेवारी 2009 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) निकाल दिला की म्हणणं न ऐकता असं नाव चढवणं मानवी हक्कांशी विसंगत आहे.

प्रश्न : आमची संस्था दापोली तालुक्यात निराधार वृद्ध आणि मतिमंद प्रौढांसाठी निवास चालवते. कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनाची नोंदवही ठेवायची असं कार्यकारिणीत ठरलं आहे. नियम काय असावेत?

उत्तर जरा लांब होईल, कारण माझ्या हातूनही यात चूक झाली आहे. आमच्या वृद्धाश्रमात कामगारांचं एक जुनं रजिस्टर होतं. त्यात एका नावाखाली लाल शाईची रेघ आणि पुढे तीन शब्द : 'हिला घेऊ नये'. तारीख नाही, सही नाही, कारण नाही. लिहिणारे व्यवस्थापक वारलेले. एक बाई काम मागायला आली, नाव जुळलं आणि मी तिला परत पाठवलं. चारेक महिन्यांनी कळलं की शेजारच्या वाडीत त्याच नावाची, त्याच आडनावाची दुसरी बाई होती आणि शेरा तिच्यावरचा होता. आपल्याकडे एका गावात एका आडनावाची निम्मी घरं, त्यात नावंही तीच तीच. म्हणून पहिला नियम ओळखीचा. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मवर्ष, गाव, वाडी आणि फोटो नसेल तर नोंद करायचीच नाही.

दुसरा, कशाची नोंद करायची ते आधी लिहून ठेवा. मारहाण, लैंगिक छळ, पैसे किंवा दागिने लाटणं, कोंडून किंवा बांधून ठेवणं, जाणूनबुजून उपाशी किंवा घाणीत ठेवणं. उशिरा येणं, उलट बोलणं, न सांगता रजा घेणं यांचा या वहीशी संबंध नाही. ते मस्टरमध्ये लिहा. एकदा का व्यवस्थापकाच्या रागाला ही वही मोकळी झाली, की खरी नोंद आणि खुन्नस यांत फरक कळेनासा होतो.

तक्रार आली की त्या माणसाला रहिवाशांपासून लगेच दूर करा, पगार चालू ठेवून. रहिवाशाला धोका नको आणि कर्मचाऱ्याला शिक्षाही नको, हे दोन्ही त्याच दिवशी साधायचं तर पगार चालू ठेवावाच लागतो. चौकशी करणाऱ्यांत संस्थेबाहेरचा किमान एक माणूस हवा. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, कोणीही चालेल, व्यवस्थापकाचा मेहुणा नको. आरोप लेखी द्या, उत्तराला मुदत द्या. इंग्लंडमध्ये ती आठ आठवड्यांची असते, तुम्हाला दोन पुरतील. लिहिता येत नसेल तर सोबत माणूस आणू द्या. कर्मचाऱ्याचं म्हणणं त्याच पानावर, त्याच्याच शब्दांत उतरवा. अमेरिकेच्या रजिस्टरमध्ये आरोप नाकारणाऱ्याचं निवेदन नोंदीसोबत राहतं, ते मला फार योग्य वाटतं. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू एकत्र दिसतात.

मतिमंद रहिवाशाची साक्ष 'त्याला काय कळतंय' म्हणून बाजूला टाकू नका. तारीख-वार त्याला सांगता येणार नाही, पण विशिष्ट माणूस खोलीत आला की तो भिंतीकडे सरकतो, हे तुम्ही लिहून ठेवू शकता.

आता पळवाट. चौकशीची कुणकुण लागली की कर्मचारी राजीनामा देतो आणि संस्था सुटकेचा निःश्वास टाकते. "गेली ना, मग कशाला लफडं?" असं म्हणून अनुभवाचं चांगलं पत्रही हातात देतात. म्हणजे आपलं संकट दुसऱ्या गावच्या म्हातारीच्या उशाशी नेऊन ठेवतात. इंग्लंडचा कायदा म्हणतो की माणूस आधीच निघून गेला असला, तरी तो राहिला असता तर त्याला काढलं असतं किंवा काढलं गेलं असण्याची शक्यता होती अशी स्थिती असेल, तर यादी ठेवणाऱ्या संस्थेला कळवणं बंधनकारक. तुमच्या नियमांत हे वाक्य घ्याच. चौकशी राजीनाम्याने थांबत नाही आणि गुन्हा दिसला तर पोलिसांत जायचं, वहीवर भागवायचं नाही.

नोंद किती काळ ठेवायची? सगळ्यांना एकच माप लावू नका. अमेरिकेत छळाची नोंद कायमची असते, पण एकदाच घडलेल्या हेळसांडीची नोंद वर्षानंतर काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. चूक आढळली किंवा कोर्टाने निर्दोष ठरवलं, तर नोंद पुसली जाते. तुम्हीही तसं ठरवा. रात्रपाळीला एकटी तेवीसजणांना बघणारी बाई एकदा पाणी द्यायला विसरली, तर तिची नोंद करताना त्या पानावर रात्रपाळीला किती माणसं लावली होती तेही लिहा. वही कुलपात असावी, बघण्याचा अधिकार दोघांनाच, आणि कोणी कधी उघडली त्याची सही मागच्या पानावर.

प्रश्न : बाहेरची माणसं सोडा हो. माझ्या आत्याला मूलबाळ नाही. पुतण्याने 'सांभाळीन' म्हणून घर आणि कलमांची बाग बक्षीसपत्राने लिहून घेतली आणि आता तिला मागच्या पडवीत ठेवलंय. त्याचं नाव कुठल्या यादीत जाणार? (देवगड)

कुठल्याच नाही. परदेशातल्या ज्या याद्या वर सांगितल्या, त्या मुख्यतः नोकरी अडवतात. घरातल्या माणसाला त्या लागू पडत नाहीत, आणि माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त पत्रं घरातल्याच माणसांबद्दल असतात. तुमच्या आत्याला यादीची गरज नाही, प्रांत ऑफिसची आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात प्रांताधिकारी किंवा वरचा अधिकारी न्यायाधिकरण म्हणून बसतो. अर्ज तिला स्वतः करता येतो, किंवा तिने नेमलेल्या माणसाला. कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर रद्द ठरवता येते. बक्षीसपत्रात ती अट शब्दांत लिहिली आहे का, ते आजच बघा. सोबत वेगळा कागद, पत्र, काही लिहिलेलं असेल तर तेही काढा. 2 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा आईच्या बाजूने कौल दिला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. तिथेही सांभाळण्याचं लेखी वचन कामाला आलं. यापुढे गावात कोणी बक्षीसपत्र करत असेल तर ती एक ओळ घालायला लावा.

प्रश्न : शेजारच्या घरी अपंग मुलगा आहे, तिशीचा. रात्री ओरडण्याचा आवाज येतो. आम्ही मध्ये पडावं का? (मालवण तालुका)

हो. अपंग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्याचं कलम 7 सांगतं की छळ होतो आहे असं वाटण्याला कारण असलेला कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. तालुक्यात ते काम तहसीलदारांकडे असतं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. ज्येष्ठांसाठी 14567 हा मदतीचा मोफत क्रमांक सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो. तुमच्या शेजारच्या मुलासाठी मात्र तातडीला 112.

पण आधी दिवसाउजेडी एकदा त्या घरी जाऊन या, भाजी घेऊन, आंबोळ्या घेऊन, काहीही. ओरडणं दुखण्याचंही असतं आणि त्याला रात्ररात्र एकटी सांभाळणारी आई थकून मोडलेलीही असते. गेल्यावर खाटेजवळ बघा. पाण्याचा तांब्या त्याचा हात पोचेल असा ठेवला आहे, की रात्री उठवावं लागू नये म्हणून खिडकीच्या पलीकडच्या कोनाड्यात आहे? आणि परत येताना त्या माऊलीला विचारा, दुपारचा तासभर मी त्याच्याजवळ बसू का?