बादली उचलली आणि मणका दबला

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी अर्धी भरलेली बादली उचलली आणि पाठीत एकदम कळ आली, पडली वगैरे अजिबात नाही. एक्स-रेमध्ये मणका दबलाय असं निघालं. पट्टा दिलाय, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत. नंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली तर टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे २.१ आला, रिपोर्टवर ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) नाही, ऑस्टिओपेनिया (हाडं थोडी विरळ) लिहिलंय. मग नुसतं कॅल्शियम चालेल ना? दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं होतं पण ते प्लास्टरने छान जुळलं. आता ती पलंगावरून उठायलाच घाबरते.

उत्तर: नुसत्या कॅल्शियमवर नाही भागायचं. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं हा आकडा सगळ्यांना पाठ झालाय, पण बादली उचलून मणका दबतो तेव्हा त्या आकड्याची वाट बघायची नसते, ते फ्रॅक्चर हेच निदान. त्यात दबलेलं हाड मशीनला दाट दिसतं, त्यामुळे कमरेच्या मणक्याचा स्कोअर कधीकधी उगाच चांगला येतो. खरं तर मनगट मोडलं तेव्हाच हाडांची तपासणी व्हायला हवी होती. प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, विषय संपला, असंच बहुतेक घरांत होतं, आणि पुढचं हाड मोडायची भीती पहिल्या दोनेक वर्षांतच सगळ्यात जास्त असते.

आधी दुखण्याचं बघू. मणका जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे जातात. पहिले काही दिवस आराम ठीक, पण महिनाभर पडून राहिलं तर स्नायू आणि हाडं दोन्ही अजून कमकुवत होतात. पट्टा उठल्या-बसल्यावर लावायचा, झोपताना काढायचा, आणि दुखणं उतरलं की हळूहळू सोडायचा. उठताना सरळ बसायला जाऊ नये, तिथेच कळ येते. आधी गुडघे वाकवून अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी रेटत बसायचं. दोन-तीनदा जवळ उभं राहून करून घ्या, भीती जाईल. वाकून काही उचलणं बंद. पाय बधिर झाले, ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

आता हाडांचं औषध. त्याआधी रक्तात कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, किडनी, थायरॉइड बघतात, आणि मणका दुसऱ्या कुठल्या आजाराने तर दबला नाही ना हेही. अ‍ॅलेन्ड्रोनेट ही ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही की काही खायचं नाही. चहाबरोबर घेतली तर पोटात नीट शोषली जात नाही, आणि लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला त्रास होतो. तेवढा वेळ आईंना ताठ बसवत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आहे, किडनी ठीक असेल तर. मणका दबलेल्यांना टेरिपॅराटाइड, म्हणजे हाड बांधणारं रोजचं इंजेक्शन, हा पर्यायही डॉक्टर सुचवतात. दाताचं मोठं काम राहिलं असेल तर आधी उरकून घ्या. कॅल्शियम आणि डी लागतातच, पण जोडीला.

प्रश्न: बाबांना हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन होतं. चार घेतली, आता छान चालतात म्हणून पुढचं घेतलं नाही. शेवटचं घेऊन आठ महिने झाले. चालेल का?

उत्तर: नाही, आजच डॉक्टरांना फोन करा. या औषधाचा असर सहा महिन्यांनी उतरतो आणि मग हाडांची झीज आधीपेक्षा जोरात सुरू होते, काहींचे तर एकामागून एक मणके दबतात. बंद करायचं असेल तरी मध्ये दुसरं औषध देऊन करतात, असं अधांतरी सोडत नाहीत. आणि ते आता छान चालतायत ना, मग रात्री बाथरूमला जाताना दिवा लावतात का तेही बघा, वाटेतलं सरकणारं पायपुसणं उचलून टाका.