लेव्हलच्या लॉकची चावी मिळंना

प्रश्न : आमचा सोलापुरात हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. एका बंद पडलेल्या ग्रुपकडून आठ लेव्हल (स्टेजवर उंचीसाठी मांडतात ते चौथरे) आणि एक लोखंडी कपाट घेतलं. लेव्हल जोडायला कडेला आत बसवलेली लॉक आहेत पण चावी एकाचीही नाही, कपाटाचीही नाही. किल्लीवाला म्हणतो असली चावी आमच्याकडं नसते. पुढच्या आठवड्यात हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग आहे, सुतळीनं बांधू का?

उत्तर : सुतळी अजिबात नको हो, कुणाचा तरी पाय फटीत जाईल. किल्लीवाला खरंच बोलला, कारण लेव्हलची ती चावी नाहीच मुळात. भोकात मोबाईलचा टॉर्च मारून बघा, सहा कोन दिसले की झालं, साधी ॲलन की, म्हणजे सहा कोनी दांड्याची चावी लागते. एका लेव्हलमध्ये हूक असतो, समोरच्या लेव्हलमध्ये आडवी पिन, की फिरवली की हूक पिनेला धरतो आणि दोन्ही लेव्हल आवळतो. परदेशात ह्याला कॉफिन लॉक म्हणतात, नाव तेवढं भयाण आहे.

माप बहुतेक वेळा ५/१६ इंच. दुकानात 'स्टेजच्या लॉकची चावी' मागाल तर हात हलवत परत याल, 'अडीच सुताची ॲलन की' म्हणा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), लगेच कळतं. आठ एमएमची घेऊ नका, ५/१६ म्हणजे ७.९४ एमएम, फरक केसाएवढा पण आठची अडकते आणि कुणीतरी हातोडीनं ठोकून बसवतोच, मग निघता निघत नाही. सातची घातली तर गरागरा फिरते आणि कोन झिजतात. तरी एकदा खात्री करा, ड्रिल बिटाची मागची गोल बाजू भोकात घालून बघायची, जे सगळ्यात जाड बिट अलगद बसतं ते माप. त्याआधी भोकातला जुना रंग टोच्यानं खरवडून काढा, नाहीतर बरोबर मापाची कीसुद्धा बसणार नाही आणि तुम्ही मापाला दोष द्याल. आणि की बसूनही लॉक लागत नसेल तर लेव्हल वरखाली आहेत का बघा, हूक पिनेपर्यंत पोचतच नसतो.

टी हँडलवाली लांब की घ्या आणि दोन घ्या. आमच्याकडं एकच होती, ती सेट काढायच्या वेळेला नायकाच्या झब्ब्याच्या खिशात आणि नायक घरी जेवायला बसलेला!

कपाटाचं सोपं आहे. लॉकच्या तोंडावर बारीक नंबर कोरलेला असतो, कंपनीचं नाव आणि तो नंबर घेऊन डीलरकडं जा, बऱ्याचदा नंबरावरून चावी मिळते. म्हणूनच त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. नंबर घासला गेला असेल तर किल्लीवाल्याकडून कपाट उघडून घ्या, जुनं लॉक काढून खिशात टाका आणि दुकानात तसंच दुसरं मागा, तोंडाचा व्यास आणि मागची लांबी तेवढी जुळली पाहिजे.