तारीख खरीच लिही

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘निकालाच्या नकलेच्या, म्हणजे प्रमाणित प्रतीच्या, अर्जावर आधीची तारीख टाकली असती तर त्या बाईंचं अपील मुदतीत बसलं असतं. मी निर्दयपणे वागलो का?’ असं विचारतोस. नाही. तारीख खरीच लिहायची. दया आली तरी, वरून सांगणं आलं तरी.

कोर्टाच्या नक्कल शाखेत आपण काय करतो, ते आधी नीट समजून घे. दिवाणी दाव्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 प्रमाणे त्यातून वगळतात. तो मोजतात कशावरून? तू नकलेवर घातलेल्या तारखांवरून. अर्जाची तारीख मागे ढकललीस की वगळायचे दिवस वाढतात आणि समोरच्या पक्षकारावर अन्याय होतो. तोही कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकलेला असतो, फक्त त्या दिवशी तुझ्या खिडकीशी नसतो. आणि नक्कल अर्धवट असताना ‘तयार’ म्हणून तारीख टाकलीस, तर अर्जदाराचेच दिवस खाल्लेस. याची मला जास्त चीड येते, कारण यात कुणी पैसे घेत नाही, म्हणून कुणाला काही गैरही वाटत नाही.

मग दया दाखवायची कुठे? बोलण्यात. ‘वकिलाला विचारा’ म्हणून तू मोकळा झालास, ते मला मुळीच आवडलं नाही. मुदत उलटली तरी मुदत कायद्याच्याच कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो, एवढं सांगायचं होतंस. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. त्या प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे, हे चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतंस. ही माहिती झाली, ती द्यायलाच आपण बसलोय. अपील करावं का, अर्ज मंजूर होईल का, हा सल्ला. तिथे तोंड बंद. अमुक वकिलाकडे जा, हेही नाही.

माझ्या या हट्टापायी एका सहकाऱ्यानं निवृत्तीपर्यंत माझ्याशी अबोला धरला. अर्ज त्याच्या नात्यातल्या माणसाचा होता, एका दिवसाचा प्रश्न होता. चांगला माणूस होता, अजून हळहळ वाटते. पण आज तोच अर्ज समोर आला तरी मी तीच तारीख लिहीन. तो एक दिवस माझा नव्हता, मग मी तो देणार कसा?

तारीख खरीच लिही. वरिष्ठांनी तोंडी काही सांगितलं, तर नम्रपणे म्हण, ‘साहेब, लेखी द्या.’