यादीत नाव आल्याने परंपरा टिकते का?

गरबा युनेस्कोच्या यादीत गेल्याने सुरक्षित झाला का आणि असे आंतरराष्ट्रीय प्रयत्न मुळात सुरू कसे झाले, असे तुम्ही विचारले आहे. गरब्याला धोका नव्हताच, हे माझे पहिले उत्तर. दुसऱ्या भागासाठी आमच्या घरातला एक जुना वाद सांगावा लागेल.

आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले. १९९४ मध्ये एका संस्थेचे संशोधक आमच्या आत्याची हादग्याची गाणी ध्वनिमुद्रित करायला आले. हादग्यात पहिल्या दिवशी एक आणि मग रोज एकेक वाढवत सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात. त्या गृहस्थांनी मात्र आत्याला खुर्चीवर बसवून, पंखा बंद करवून, सोळाही गाणी एका दुपारीच उरकली. पाटावर हत्ती नव्हता, भोवती फेर नव्हता, खिरापतीचा डबा नव्हता. आत्या नकळत पायाने ठेका धरी, तेव्हा तो आवाज टेपमध्ये येतो म्हणून तिला पाय वर घ्यायला सांगितले. दादा म्हणाला, "टेप झाली, आता चिंता नाही." पुढच्या आश्विनात आम्ही मुली गरब्याला गेलो आणि आमच्या अंगणातला हादगा बंद पडला.

दादाला तरी काय बोलावे, तेव्हा जगाचीही समजूत तीच होती. १९७२ चा जागतिक वारसा करार वास्तू आणि निसर्गस्थळांपुरता होता. पुढच्याच वर्षी बोलिव्हियाने लोककलांच्या संरक्षणाचा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला, तरी १९८९ मध्ये निघाली ती केवळ एक शिफारस, कोणावरही बंधनकारक नसलेली आणि नोंदी व संग्रह यांवरच भर देणारी. जपानने मात्र १९५० च्या कायद्यातच अमूर्त वारशाला, म्हणजे गाणी, नृत्ये, कारागिरी अशा हाताने धरता न येणाऱ्या वारशाला, स्थान दिले होते. कला जाणणारा माणूस आणि त्याच्याकडून पुढच्या पिढीकडे होणारे हस्तांतरण या गोष्टी युनेस्कोच्या १७ ऑक्टोबर २००३ च्या अमूर्त वारसा करारात मध्यभागी आल्या. तो २००६ मध्ये अमलात आला. भारताने त्याला २००५ मध्येच मान्यता दिली होती. गरबा डिसेंबर २०२३ मध्ये गेला तो त्याच्या प्रातिनिधिक यादीत, आणि ती यादी ओळख वाढवण्यासाठी असते; विझू लागलेल्या परंपरांसाठी तातडीच्या संरक्षणाची यादी वेगळी आहे.

तेव्हा तुमच्या घरात कोणी गाणारे असेल, तर फोन खिशात ठेवा आणि आधी फेरात उभे राहा. टेप निरुपयोगी असते असे मात्र मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीने हादगा पुन्हा मांडला, तेव्हा अकराव्या गाण्याची दोन कडवी कोणालाच आठवेनात. ती दादाने जपून ठेवलेल्या कॅसेटमध्ये सापडली, हे त्याचे श्रेय. पण त्या कॅसेटवरून मुलींना फेर काही धरता येईना. शेवटी शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकू काठी बाजूला ठेवून फेरात आल्या, आणि तेव्हा कुठे पावले पडू लागली.