फर्नची भिंत कोल्हापुरात करायची तर मे महिना डोळ्यांपुढे ठेवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. राजारामपुरीतल्या घरामागं उत्तरेकडची १० फुटी भिंत, वर शेजारच्या आंब्याची सावली, खाली गवतसुद्धा धरत नाही. तिथं फर्नची हिरवी भिंत करायची आहे. नर्सरीवाल्यानं फेल्टचे, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाचे, खिसे सुचवलेत, पण तुमचं मन कुंड्यांकडं आहे. तुमचं मन बरोबर सांगतंय. कुंड्याच घ्या.

माझी कसबा बावड्यातली पहिली भिंत फेल्टच्या खिशांचीच होती. जूनमध्ये लावली आणि दिवाळीपर्यंत इतकी भरली की आलेला माणूस आधी परसात जायचा. मार्चमध्ये वरची ओळ कडांनी करपायला लागली आणि एप्रिल संपेपर्यंत निम्मी भिंत गेली. वाईट याचं वाटलं, की एखादं आजारी रोप बाहेर काढून जपावं म्हटलं तर शेजारच्या दोघांची मुळं फेल्टमध्ये गुंतलेली. एकाला हात लावला की तिघं जायची. पॅरिसच्या पॅट्रिक ब्लां यांनी फेल्टवरच्या भिंती जगभर गाजवल्या, पण त्या मातीविना असतात आणि पंपानं दिवसातून अनेकदा खतपाणी मिळतं म्हणून जगतात. आपल्याकडं ऐन उन्हाळ्यात दुपारभर वीज गेली की तो फेल्ट दोन तासांत पापडासारखा होतो. कुंडीत निदान दोन दिवसांची ओल शिल्लक असते, आणि बिघडलेली कुंडी उचलून न्हाणीघरात ठेवता येते.

आपण गगनबावडा, आंबा घाट जवळचे म्हणून कोल्हापूर फर्नचं गाव समजतो. घाटातले बरेचसे नेचे, म्हणजे फर्नच, पावसात आणि धुक्यात जगतात, नंतर पानं वाळवून मुळाशी झोपून जातात. शहरात मार्च ते मे पारा ३८-३९ला जातो आणि दुपारचा वारा कोरडा असतो. सावलीतला फर्न मरतो तो या वाऱ्यानं. म्हणून कुंडी, माती, नळी, काहीही ठरवताना एकच विचारा: हे मे महिन्यात कसं वागेल?

सांगाडा भिंतीला टांगू नका, पायांवर उभा करा. ६ इंची कुंडी पाणी प्यायल्यावर साधारण २ किलो भरते, ४० कुंड्यांचे ८० किलो झाले. जुन्या भिंतीत एवढ्या वजनाचे बोल्ट मारायला माझं मन धजत नाही. उद्यमनगरातला कुठलाही वेल्डिंगवाला चौकोनी पाइपचा सांगाडा आणि सळीच्या रिंगा करून देईल. रिंगांमध्ये आडवं ९ इंच, उभं १२ इंच अंतर ठेवा. ६ फूट लांबीत ८ कुंड्या, अशा ५ ओळी. यंदा एवढंच करा, उरलेली भिंत पुढच्या वर्षी. सांगाडा आणि भिंत यांच्यात ३ इंच मोकळे सोडा, नाहीतर ओल घरात उतरेल. कुंडी सरळच बसवा. फोटोत तिरकी छान दिसते, पण पाणी पुढच्या काठावरून सांडून जातं आणि मागची मुळं कोरडी राहतात.

वरच्या दोन ओळींना प्लास्टिकच्या कुंड्या, खालच्या तीनला मातीच्या. वरच्या ओळी आधी सुकतात, आणि मातीची कुंडी तर अंगातूनच पाणी सोडते. खाली मात्र तोच गुण कामाला येतो, मुळं थंड राहतात.

शेतातली काळी माती अजिबात घालू नका, कुंडीत ती चिखल होते नाहीतर वीट. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेल्या पाल्याचं खत, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि कोळसा घेतो, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार फर्नला सोसत नाहीत. रसवंतीवरचं ताजं चिपाड फुकट मिळतं म्हणून बरेच जण घालतात. ते आंबतं, मुंग्या येतात आणि कुजताना झाडाचं नत्र ओढून घेतं. वर्षभर कुजवून घातलं तर हरकत नाही.

आता झाडं. चाळीसातल्या २५ कुंड्या डोळे मिटून बोस्टन फर्नच्या, म्हणजे नेफ्रोलेपिसच्या करा. त्याला दोऱ्यासारखे धावरे फुटतात आणि त्यांच्यावर नवी रोपं येतात, म्हणजे पुढच्या वर्षीची भिंत घरच्या घरीच तयार होते. मधल्या ओळींत चार-पाच बर्ड्स नेस्ट फर्न. हंसराज सगळ्यात खाली, जिथं वरचं पाणी ठिबकतं. काळ्या तारेसारखा देठ आणि त्यावर थरथरणारं पान, त्याच्याइतकं नाजूक काही नाही, आणि एक दुपार कोरडी गेली तरी तो रुसतो. आपला रानातला हंसराज पावसाळ्यानंतर वाळला तर कुंडी टाकून देऊ नका, जूनमध्ये पुन्हा फुटतो. कडेला, जिथं थोडं ऊन लागतं, तिथं अ‍ॅस्परॅगस फर्न लावा. तो खरं तर फर्नच नाही, शतावरीच्या कुळातला आहे, आणि थोडं ऊन सोसतो.

एक कळकळीची विनंती. दाजीपूर-राधानगरीला गेलात की दगडावरचं बाशिंग (तोही एक नेचाच) किंवा दुसरे नेचे उपटून आणू नका. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, तिथून रोप आणणं हा गुन्हा आहे. शिवाय धुक्यावर वाढलेलं ते झाड आपल्या वैशाखात टिकत नाही. गाडीच्या डिकीत सुकलेलं बाशिंग मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

पाण्यासाठी ठिबकच करा. १६ मिमीची मुख्य नळी, तिच्यातून बारीक नळ्या, ताशी २ लिटरचे ड्रिपर. आपला भाग उसाचा, हे सामान कुठंही मिळतं. घरच्या टाकीचा दाब कमी असतो, त्यामुळं वरच्या ओळीला पाणी कमी आणि खालच्या ओळीला जास्त जातं. हे डोळ्यांना कळत नाही. कुंड्या बसवण्याआधी प्रत्येक ओळीतल्या एका ड्रिपरखाली पेला धरा, १० मिनिटं पाणी सोडा आणि पेले शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्या नंतरच्या, कुंड्यांच्या भिंतीत वरच्या पेल्यात खालच्याच्या निम्मंही नव्हतं. तेव्हा वरच्या कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर दिले, आणि मार्चमधलं करपणं तिथंच थांबलं. उन्हाळ्यात सकाळी १० मिनिटं, संध्याकाळी ५. थंडीत दिवसाआड. पावसाळ्यात बोट मातीत घालून बघायचं आणि मग ठरवायचं. सगळ्यात खाली ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ करा, पाणी बादलीत उतरू द्या आणि बादली रोज रिकामी करा, डासांना जागा नको. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरे थर आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. मग पावसाचं पाणी साठवा किंवा नळाचं रात्रभर उघडं ठेवून वापरा.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या अंगाला ७५ टक्क्यांचं शेडनेट आणि भिंतीच्या पायाशी भिजवलेलं गोणपाट. दुपारी दोनला त्या गोणपाटावर एक बादली ओतली की सांगाड्याजवळची हवा लगेच बदलते, हाताला कळतं. नुसती पानांवर फवारणी पाच मिनिटांत उडून जाते. पावसाळ्यात तेच ओलं गोणपाट रात्री पसरून ठेवा, सकाळी त्याच्याखाली शंखी गोगलगाई जमलेल्या सापडतात, वेचून टाका. मीठ टाकू नका, ते खाली मुळात उतरतं.

खत फक्त जून ते ऑक्टोबर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत.

आणि पानांच्या मागं तपकिरी ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या तर औषध मारायला धावू नका. ते बीजाणूंचे पुंजके, फर्नचं बीच म्हणा. पानाच्या शिरांच्या दोन्ही बाजूंना ते मोजून ठेवल्यासारखे असतात. खवले कीड वेडीवाकडी पसरते, देठावरही चढते आणि नखानं उचलली की अख्खी निघते. असंच, ओल्या विटेवर नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे दिसले तर शेवाळ म्हणून घासू नका. त्या बीजाणूंतूनच ते उगवतात आणि बाळ-फर्न त्यांच्यातूनच वर येतो. पहिला कोंब गोगलगाईच्या शंखासारखा गुंडाळलेला असतो, त्यावर तपकिरी लव. त्याला बोट लावू नका, फार पटकन मोडतो.

सांगाडा मेमध्ये करून घ्या, रोपं जूनच्या दुसऱ्या पावसानंतर कुंडीत भरा आणि ऑगस्टपर्यंत जमिनीवरच ठेवा. मुळं धरली की मगच रिंगेत चढवा. तोवर भिंतीचा एक फोटो दुपारी बारा वाजता आणि एक चार वाजता काढून इथं टाका. आंब्यातून पश्चिमेचं ऊन किती उतरतं ते बघून वरच्या ओळीत काय लावायचं ते सांगतो.